या वर्षी मी ठरवलंय की

विजया,

वाक्य तरी पुरं करायचं होतंस गं.

गेल्या सोमवारी शिक्षकांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो. जूनमधली पहिली मीटिंग. पंखा फिरत होता तरी घामाच्या धारा लागल्या होत्या. भूगोलाच्या बाई बोलून बसल्या आणि तू उठलीस. पदर खोचलास, टेबलावर दोन्ही हात टेकलेस आणि म्हणालीस, "या वर्षी मी ठरवलंय की..."

आणि थांबलीस. आम्हाला त्याची सवय होती. तू बोलताना मध्येच थांबतेस, शब्द पसंत पडला नाही तर टाकून देतेस, दुसरा शोधतेस. पवार सर म्हणाले, "सावकाश, तायडे बाई. घाई नाही." तू त्यांच्याकडे बघून हसलीस. "एक मिनिट," म्हणालीस आणि खाली बसलीस. मी शेजारीच होते. पाण्याचा पेला तुझ्याकडे सरकवला, तो तू घेतला नाहीस. वर्गात कंटाळलेली मुलगी बाकावर डोकं टेकवते तसं तू टेबलावर डोकं टेकवलंस. मला वाटलं, भूगोलाच्या बाईंच्या लांबलेल्या भाषणावर तू काही नाटक करते आहेस. मला हसू यायला लागलं होतं.

मग तुझा हात टेबलावरून खाली घसरला.

रिक्षात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. पुढे फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, डब्यामागून डबा, संपायचं नाव नाही. रिक्षावाला हँडलवर मुठी आपटत होता आणि मी तुझ्या कपाळावरचे केस मागे सारत होते, जणू काही तेवढंच काम राहिलं होतं. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरने तुझ्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, नाडी पाहिली, छातीला नळी लावली आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" त्या प्रश्नावरून मला कळलं. मी म्हणाले, "आम्ही एका शाळेत आहोत." तो म्हणाला, "घरचं कोणी आहे का?"

गेल्या महिन्यात चष्मा लागला म्हणून कुरकुर करत होतीस. म्हातारी झाले, म्हणत होतीस. कसली म्हातारी.

अशोकभाऊंना भुसावळला रेल्वेच्या ऑफिसात फोन गेला. मिळेल त्या गाडीने ते आले. येताना हातात जेवणाचा डबा तसाच होता, तू सकाळी भरून दिलेला. दवाखान्याच्या बाकावर ते माझ्याशेजारी बसले, डबा मांडीवर धरून, आणि त्यांनी एकच विचारलं, "काय म्हणत होती ती?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आणि पुढे?" मी म्हणाले, "पुढे काही नाही." त्यांना ते समजेना. मी पुन्हा सांगितलं. तेव्हाही समजलं नाही. मलाच कुठे समजलंय.

संध्याकाळी मेहरूणला तुमच्या घरी प्रज्ञा मला बिलगली आणि तिनेही तेच विचारलं. "नलूमावशी, आई म्हणाली ना, ठरवलंय की. की काय?" दहावीला जाणारी मुलगी, पण त्या क्षणी ती चारपाच वर्षांची दिसत होती. तिला काय सांगू? मी म्हणाले, "ते ती तुलाच सांगणार होती बहुतेक." ती म्हणाली, "मला म्हणाली होती, संध्याकाळी सांगते. आधी शाळेत सांगते."

मलाही सकाळी शाळेच्या फाटकात भेटलीस तेव्हा असंच काहीसं म्हणालीस. "या वर्षीचं ऐकशील तर मला वेडी म्हणशील." मी म्हणाले, "ते मी दरवर्षीच म्हणते." तू म्हणालीस, "या वर्षी जास्त म्हणशील." घंटा झाली आणि आपण आत गेलो. तेव्हा दोन मिनिटं थांबले असते तर, असं मनात येतं. पण तू मला सांगितलंच नसतंस. तुझा नियमच होता. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं, म्हणजे मागे फिरता येत नाही.

जूनची ही मीटिंग पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा तुलाच एकटीला तिचा आनंद झाला होता, आठवतं? पवार सर मुख्याध्यापक होऊन आले त्या जूनमध्ये त्यांनी सांगितलं, वरून परिपत्रक आलंय, प्रत्येक शिक्षकाने वर्षाच्या सुरुवातीला स्वतःचं एक व्यावसायिक उद्दिष्ट ठरवायचं. निकालाचं सोडून दुसरं काहीतरी. सगळ्यांचे चेहरे पडले. मी उभी राहिले आणि म्हणाले, गणिताचा निकाल सुधारेन. सर म्हणाले, "निकालाचं सोडून." मी म्हणाले, "मग मला वेळ द्या." तो वेळ मी दरवर्षी मागत राहिले आणि पवार सर दरवर्षी देत राहिले. तू मात्र पहिल्याच वर्षी उठलीस आणि म्हणालीस, "मी चित्रकलेच्या तासाला टेपरेकॉर्डर वापरणार."

चित्रकलेच्या तासाला टेपरेकॉर्डर. सगळी खोली हसली. हस्तकलेचे सर म्हणाले, "मग संगीताच्या तासाला ब्रश देऊ या." तू म्हणालीस, "चालेल की."

शाळेचा तो टेपरेकॉर्डर कपाटात पडून असायचा, पंधरा ऑगस्टला राष्ट्रगीताला बाहेर निघायचा. तू मुलींना सांगितलंस, घरी गाणी येतात अशा कोणी बाया असतील त्यांना शाळेत आणा. मीराची आई आली. पारोळ्याकडची, कापूस वेचायला जाणारी, शाळेच्या पायऱ्यांवरच चपला काढून उभी. तू तिला खुर्ची दिलीस, ती खाली बसली, मग तूही खाली बसलीस. तिने विचारलं, "बठ्ठं म्हनू का आरधं?" तू म्हणालीस, "बठ्ठं." आखाजीचं, अक्षय तृतीयेच्या सणाचं गाणं होतं. झोका, माहेर, उन्हात सुकलेली विहीर. तू ते टेपवर घेतलंस आणि पुन्हा लावलंस. ती बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "हाऊ मना आवाज शे का? माले नही वाटत. हाई ते कोन्ही दुसरीच बाई शे." आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

त्या दिवशी तू मुलींना म्हणालीस, आता डोळे मिटून ऐका आणि मग काढा. मी खिडकीतून जाताना पाहिलं होतं. वर्गात गाणं चाललंय आणि मुली काढताहेत, कोणी विहीर, कोणी नुसता झोक्याचा दोर. एरवी शाळेतल्या सगळ्या मुली एकच निसर्गदृश्य काढायच्या, दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी आणि झोपडी. जळगावात असे डोंगर कुणी पाहिले होते? त्या दिवशी एकाही वहीत डोंगर नव्हते. मी तुला तसं म्हणाले तर तू भाव खाल्लास. "बघ, तूच म्हणतेस."

दुसऱ्या वर्षी तू एक्स-रे आणलेस. ओळखीच्या डॉक्टरांकडून जुने, टाकाऊ, पिशवीभर. ते धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून घासले की काळं निघून जातं आणि निळसर पारदर्शक पट्टी उरते, हे तुला तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं. ते वरणगावच्या कारखान्यात होते आणि घरी काही ना काही उघडून बसायचे, असं तू सांगायचीस. मुली आधी उजेडाला धरून एक्स-रे बघायच्या. कोणाच्या बरगड्या, कोणाचं मोडलेलं मनगट. मग ते धुवायच्या, छोटे चौकोन कापायच्या आणि त्यावर शाईने चित्रं काढायच्या. शाळेचा स्लाइड दाखवायचा प्रोजेक्टर होता, त्यात ते चौकोन घातले की बोटाएवढी चिमणी भिंतभर व्हायची. मला तो प्रकार तेव्हा विचित्र वाटला होता. कुणाच्या तरी दुखण्याच्या जागी मुली पाखरं काढताहेत. मी तसं म्हटलं. तू म्हणालीस, "मग काय वाईट आहे?" आणि मला उत्तर शोधायला वेळ देऊन पुढच्या तासाला निघून गेलीस.

आणि मग संगणक आले.

सरकारी योजनेतून दोन आले होते. त्यांच्यासाठी शाळेने एक खोली रंगवली, पडदे लावले, दारात पायपुसणं टाकलं. चपला बाहेर. गणिताची बाई म्हणून मला प्रशिक्षणाला पाठवलं आणि परत आल्यावर ती खोली माझ्या ताब्यात दिली. किल्ली माझ्या पर्समध्ये. मुलींनी आधी संगणकाचे भाग पाठ करायचे, मग इंग्रजी आज्ञा पाठ करायच्या, मग वर्षाच्या शेवटी कळफलकाला हात लावायचा, असं मला शिकवलं होतं आणि मी तसंच शिकवत होते.

जूनची मीटिंग झाली. तू उठलीस. "या वर्षी मी संगणक शिकणार. आणि आठवीतली प्रत्येक मुलगी त्यावर स्वतःचं एक चित्र काढेल."

बाहेर व्हरांड्यात मी तुला गाठलं. "मला आधी विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. ते यंत्र आहे, विजया. चित्र यंत्र काढेल. तुझ्या मुलींच्या हाताला काय येणार?"

"माझ्या मुलींच्या हाताचं तू मला सांगू नकोस, चौधरी बाई."

आडनावाने हाक मारलीस म्हणजे तू चिडली होतीस. आपण तो अख्खा आठवडा डबा वेगळा खाल्ला. मग तूच आलीस, खोलीबाहेर चपला काढल्यास आणि स्टुलावर येऊन बसलीस. "शिकव."

त्या संगणकात एक चित्र काढायचा कार्यक्रम होता. पडद्यावर एक छोटा त्रिकोण असायचा, त्याला कासव म्हणायचे. त्याला सांगायचं, पुढे इतकं जा, उजवीकडे इतकं वळ. ते चालायचं आणि मागे रेघ उमटायची. तू पहिल्या दिवशी चौकोन काढलास आणि अशी बसलीस जसं काही तुला कोणी फसवलंय. "यात काय आहे," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी विचारलंस, वर्तुळ कसं काढायचं. मी सांगितलं, वर्तुळाची आज्ञा नाही. एक पाऊल पुढे, एक अंश वळायचं. पुन्हा एक पाऊल, पुन्हा एक अंश. पूर्ण फेरी होईपर्यंत. तू आज्ञा दिलीस. ते कासव सावकाश फिरलं आणि जिथून निघालं होतं तिथे येऊन थांबलं.

तू पडद्यावरच्या त्या रेघेवरून बोट फिरवलंस. मग म्हणालीस, "नलू, म्हणजे वर्तुळ असं काही नसतंच. नुसतं थोडं चालायचं आणि थोडं वळायचं."

मी इतकी वर्षं वर्तुळ शिकवत होते. त्रिज्या, व्यास, परीघ, स्पर्शिका. मला असं कधी सुचलं नव्हतं. तुला हे मी तेव्हा सांगितलं नाही. घरी गेले आणि यांना सांगितलं, आमच्या चित्रकलेच्या बाईंनी आज मला वर्तुळ शिकवलं. तुला सांगायचं राहिलं. आता सांगते.

तुला आठवतं, मग तू रेघेवरून भांडलीस? कासवाची रेघ फार सरळ येते म्हणून. "याला थरथर शिकव," म्हणालीस. मी म्हणाले, "थरथर ही चूक असते." तू म्हणालीस, "गणितात असेल. चित्रात नसते. झाडाची फांदी कधी सरळ बघितलीस?" मी म्हणाले, हे यंत्राला जमणार नाही. तू म्हणालीस, तुला जमणार नाही असं म्हण. ते मला लागलं. मी पुस्तक घरी नेलं. त्यात एक आज्ञा सापडली, यंत्राने मनाला येईल तो आकडा घ्यावा अशी. दर पावलाला कासवाने थोडं इकडे नाहीतर थोडं तिकडे वळावं, किती ते त्याचं त्याने ठरवावं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुला बोलावलं आणि काही न सांगता कळ दाबली. रेघ वर चढायला लागली, वाकडी, अडखळत, जशी बाभळीची फांदी. तू माझ्या दंडाला इतक्या जोरात धरलंस की बांगडी रुतली. "हे तू केलंस?" म्हणालीस. आयुष्यात माझं इतकं कौतुक कुणी केलं नाही, विजया. माझ्या बारशाला तरी झालं असेल का, शंका आहे.

त्या वर्षी तुझ्या मुलींनी झाडं काढली. प्रत्येकीचं वेगळं. एका मुलीने कासवाला आकडे देऊन ठिपक्यांची रांगोळी काढली. एकीने नुसती वाट काढली, घरून शाळेत यायची, सगळी वळणं मोजून. टेपवर मीराच्या आईचं गाणं आणि पडद्यावर झाड उगवतंय असा एक प्रयोग तू बसवलास आणि तो घेऊन आपण धुळ्याला विज्ञान प्रदर्शनाला गेलो. तू, मी आणि आठवीच्या सहा मुली. संगणक गोधडीत गुंडाळून एसटीत मागच्या बाकावर. खड्डा आला की आपण दोघी त्याच्यावर हात ठेवायचो, जसं तान्ह्या मुलाला धरतात तसं.

आणि परीक्षक समोर आले तेव्हा वीज गेली.

मी तर रडकुंडीला आले होते. परीक्षक घड्याळाकडे बघत होते. त्यांच्यातले ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "बाई, आम्ही पुढच्या टेबलाकडे जातो." तेव्हा मीरा तुझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मी कासव होऊ का?" तू एका क्षणात खडू तिच्या हातात दिलास. बाकीच्या पाचजणी भिंतीला लागून उभ्या राहिल्या आणि सांगायला लागल्या. पुढे चार. उजवीकडे तीस. पुढे दोन. डावीकडे साठ. मीरा वाकून चालत होती आणि फरशीवर खडूची रेघ उमटत होती. एक मुलगी हळू आवाजात मीराच्या आईचं गाणं म्हणत होती. हॉलमधली माणसं आपापली टेबलं सोडून आली. सांगता सांगता एकीचं चुकलं, उजवीकडेच्या जागी डावीकडे म्हणाली, मीरा तशीच वळली आणि फांदी जिथे नको तिथे गेली. सगळ्या थांबल्या. तू म्हणालीस, "राहू द्या, तिथे घरटं करा." त्यांनी तिथे घरटं केलं.

माणसांनी टाळ्या वाजवल्या. परीक्षकांनी विचारलं, "हे विज्ञानात धरायचं की चित्रकलेत?" तू म्हणालीस, "तुम्हाला ज्यात धरता येईल त्यात धरा." ते कशातच धरता आलं नाही. बक्षीस एका पाणी शुद्ध करायच्या यंत्राला मिळालं. मुली हिरमुसल्या. तू त्यांना बसस्टँडवर भजी खायला घातलीस.

परत येताना एसटीत आपलं सुरू झालं.

"वीज गेली म्हणून बरं झालं," मी म्हणाले. "खरं काम तेव्हाच झालं. म्हणजे तुझं यंत्र नसतं तरी चाललं असतं."

"यंत्र नसतं तर मीराला कासव व्हायचं सुचलं असतं का?"

"मुली खेळात असंच चालतात. टिपऱ्या खेळताना बघ."

"टिपऱ्या खेळताना कोण सांगतं, उजवीकडे तीस वळ म्हणून?"

"तेच म्हणते मी. कुणी सांगावं लागत नाही."

 एरंडोल मागे पडलं तेव्हा तू म्हणालीस, "सांगावं लागलं की कळतं, नलू, आपण काय करतोय ते. नाहीतर हात चालत राहतो आणि आपण तिथे नसतोच." मी म्हणाले, "हात चालतो तेच तर चांगलं." पुढच्या बाकावरचे टोपीवाले आबा वळून म्हणाले, "अक्का, तुम्ही दोघी भांडताय का शिकवताय?" तू म्हणालीस, "दोन्ही." मुली मागे झोपल्या होत्या, संगणकावर डोकी टेकवून.

हे भांडण संपलं नाही. गेल्या वर्षी मी दहावीच्या मुलींना भूमितीसाठी मैदानावर नेलं, चुन्याच्या रेघांवर चालायला लावलं. तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "म्हणजे हरलीस." मी म्हणाले, "हरले कुठे? मी हे यंत्राशिवाय केलं." तू म्हणालीस, "पण यंत्राकडून शिकलीस." मी म्हणाले, "तुझ्याकडून शिकले." तू त्यावर काहीतरी बोलणार होतीस. तेवढ्यात शिपाई नोटीस घेऊन आला.

रविवारी तुमच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली. वरणगावहून तुझे वडील आले होते. ते एका कोपऱ्यात बसून पंख्याकडे बघत होते. पंख्यातून कुरकुर आवाज येत होता आणि मला वाटतं, त्यांना तो उघडून बघायचा होता. हातांना काहीतरी काम हवं होतं त्यांच्या. वंदनेनंतर माणसं तुझ्याबद्दल बोलली आणि मग तेच निघालं, तू काय ठरवलं होतंस. अशोकभाऊ म्हणाले, ती लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडे जाऊन व्हिडिओ कॅमेरा बघून आली होती. प्रज्ञा म्हणाली, नाही, आई आजकाल सारखी मातीचं बोलायची, भाजलेल्या मातीचं. पवार सरांना वाटतं, तू शाळेत मुलींचं छोटं रेडिओ केंद्र मागणार होतीस, तसं एकदा बोलली होतीस. प्रत्येकाने वेगळंच सांगितलं आणि प्रत्येकाचं खरं वाटलं.  इतक्या वर्षांत मला वाटायचं, तुझ्या डोक्यात काय आहे ते तुझ्याआधी मला कळतं. आणि मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

तुझ्यावर राग येतो. महिनाभर डावा खांदा दुखतोय म्हणत होतीस. वर्षभर फळ्यावर हात वर करून करून, म्हणालीस. मी म्हणाले, डॉक्टरांकडे जा. तू म्हणालीस, शाळा सुरू होऊ दे. त्याच डॉक्टरांकडून पिशव्या भरून दुसऱ्यांचे एक्स-रे आणलेस. एकदा स्वतःचं काही दाखवावं असं वाटलं नाही तुला? मग राग जातो आणि नुसतं ते टेबल दिसतं, त्यावर ठेवलेला आणि तुझ्या कपाळाखाली आलेला माझा रुमाल दिसतो. सकाळी चहा करताना दिसतो. फळ्यावर समीकरण लिहिताना दिसतो. मधूनच असं वाटतं, काहीतरी चुकलंय, आम्ही सगळे घाईने उठलो, कुणी जरा थांबलं असतं तर तू डोकं वर करून पुढचं बोलली असतीस.

एक गोष्ट मात्र मी तुला कधीच म्हणाले नाही. तू या शाळेत यायच्या आधी मी अनेक जून पाहिले होते आणि सगळे सारखे होते. नवीन पुस्तकांना कव्हरं, नवीन हजेरीपट, तेच धडे. तू आल्यापासून मे महिन्याच्या सुट्टीत मला उत्सुकता लागायची. आता ही बाई काय काढते. मी विरोध करायची तयारी करत असायचे. कशाला ते माहीत नसताना. तेवढ्यासाठी तरी शाळेत जावंसं वाटायचं. याला आभार म्हणतात की नाही, मला माहीत नाही. आपल्यात ते कधी बोलण्याची पद्धत नव्हती.

काल पवार सरांनी मला बोलावलं. "नवीन नेमणूक होईपर्यंत चित्रकलेचे तास तुम्ही घ्या," म्हणाले. मी म्हणाले, "सर, मला चित्र येत नाही." ते म्हणाले, "कुणालाच येत नाही, बाई. पण त्या मुलींसमोर आता अनोळखी माणूस नको." आणि ते मान खाली घालून कागद चाळायला लागले.

आज मी आठवीवर गेले. मुली उठल्या, बसल्या. मी सांगितलं, हवं ते काढा. एकीनेही वही उघडली नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, हात मांडीत घेऊन. मग पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उठली. मीराची धाकटी बहीण, सुनंदा. म्हणाली, "बाई, वर्षाच्या पहिल्या तासाला आमच्या बाई स्वतः फळ्यावर काढायच्या. आम्ही ओळखायचं, काय आहे ते."

मी म्हणाले, "मला येत नाही गं."

ती म्हणाली, "बाई म्हणायच्या, येत नसलं तरी चालतं. सुरू केलं पाहिजे."

अख्खा वर्ग वाट बघत होता. मी खडू घेतला. केळीचं झाड काढायचं ठरवलं. जन्म जळगावात गेला, केळी रोज डोळ्यांसमोर. खोड काढलं, ते बाटलीसारखं झालं. पानं काढली, ती खाली पडायला लागली. मागून एकजण हळूच म्हणाली, "छत्री?" दुसरी म्हणाली, "कोंबडा." तिसरी म्हणाली, "पंखा. मोडलेला." कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच तोंडावर हात धरला. वर्ग एकदम चिडीचूप झाला. हसलो म्हणून घाबरल्या बिचाऱ्या. मी फळ्याकडेच तोंड करून उभी होते, मागे वळवत नव्हतं. मी म्हणाले, "हसा. मी काय बघत नाहीये."

मग त्या हसल्या. आधी दोघीचौघी, मग सगळ्या. सुनंदा पुढे आली आणि म्हणाली, "बाई, पान असं नसतं, मधे शीर असते आणि वाऱ्याने फाटलेलं असतं." तिने दुसरा खडू घेतला. मग दुसरी आली, तिने घड काढला. तिसरीने खाली पाट काढला, चौथीने त्यात बसलेला बगळा. मला त्यांनी बाजूला सारलं आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. तास संपेपर्यंत फळ्यावर जागा उरली नाही.

घंटा झाली. मी निघाले तर सुनंदाने दारात विचारलं, "बाई, उद्या काय काढणार?"

मी काही विचार न करता म्हणाले, "बैल."

सगळ्या वर्गाने ऐकलं. उद्या दुसरा तास आठवीवर आहे. विजया, मला बैल येत नाही.